बेटावरचा धूर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी कुणी न विचारताही सांगतो, आणि सांगताना लाजत नाही. बाप चौथी शिकलेला, आई सहीपुरती. आजाने गावच्या शाळेच्या भिंती बांधल्या, पण आत बसला नाही कधी. मी बी.एस्सी. झालो आणि पुण्याच्या एका कंपनीत लागलो तेव्हा बापाने अड्याळच्या बाजारातून पेढे आणून अख्ख्या वसाहतीत वाटले. तो अभिमान खरा होता, आजही आहे. पण त्याच्यापायी माझ्या मित्राचा जीव कसा पणाला लागला, तेही माझ्याच हाताने लिहिलेलं बरं.

पुण्यात माझे तीन मित्र होते. एक माझा रूममेट. माझ्या इंग्रजी ई-मेल तो पाठवायच्या आधी गुपचूप दुरुस्त करायचा, आणि माझ्या तोंडून 'मले' निघालं तर हसायचा नाही. दुसरा ऑफिसातला लंबू, जाईल तिथं आपला मोठा स्पीकर घेऊन जाणारा. तिसरी आमच्याच टीममधली मुलगी, तिला आम्ही तंबूवाली म्हणायचो, कारण तिच्याकडे स्वतःचा तंबू होता आणि तो तिने सह्याद्रीतल्या निम्म्या किल्ल्यांवर ठोकून झाला होता.

हे तिघं त्या वर्षी पाठीवर सॅक टाकून अंदमानला जाऊन आले. मला सुट्टी मिळत नाही असं मी सांगितलं. खरं म्हणजे विमानाच्या तिकिटाची माझी ऐपत नव्हती, आणि ते बोलून दाखवायची त्याहून नव्हती. परत आल्यावर महिनाभर जेवताना तेच. ते निळं पाणी, त्या वाळूवरची पार्टी, नारळाच्या झाडाखाली कसा डान्स झाला. "तू असायला पाहिजे होतास यार," रूममेट दर वेळी म्हणायचा, आणि तो मनापासून म्हणायचा म्हणून जास्त लागायचं.

एक दिवस माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडेपण आहे बेट."

"भंडाऱ्यात?" लंबू म्हणाला. "समुद्र कधी गेला तिकडे?"

"समुद्र नाही. गोसीखुर्द धरणाचं पाणी. चारी बाजूंनी पाणी, मध्ये झाडं, आणि माणूस एकही नाही. अंदमानला तिकीट काढून जाता, इथं फुकट आहे."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त तिथं माणूस का नाही, ते मी सांगितलं नाही. ते बेट म्हणजे आमचं गाव होतं. खालचा अर्धा गाव धरणात गेला, आमचं घर त्यातच गेलं. वरचं टेकाड तेवढं पाण्याबाहेर राहिलं. पाच-सहा एकर असेल. मोहाची, आंब्याची झाडं, पडक्या घरांची जोती, आणि पूर्वेच्या टोकाला गावाची मसनवट.

त्या मसनवटीबद्दल सांगायलाच लागेल. आमच्या गावात जाळायच्या जागा दोन होत्या. आम्हा बौद्धांची खाली नाल्याकाठी, बाकीच्यांची वर टेकाडावर. आमची बुडाली. धरणग्रस्तांच्या नव्या वसाहतीत सरकारने टिनाचं शेड आणि सिमेंटचा ओटा बांधून दिला, पण म्हातारी माणसं मरताना सांगायची, "मले तिकडंच नेजा." माझा आजाही तेच म्हणाला. म्हणून त्याला डोंग्यात, आमच्याकडच्या लाकडी होडीत, घालून आम्ही बेटावर नेलं, आणि ज्या जागेच्या जवळून आमची मयत नेऊ देत नव्हते तिथंच तो जळला, सगळा गाव भोवती उभा राहून. इतक्या वर्षांत माणसांना जमलं नाही ते पाण्याने करून टाकलं.

तेव्हापासून पाण्यावर एक रीत पडली. बेटावरून धूर निघताना दिसला की मासेमार जाळं आवरतात, डोंग्यात उभे राहतात, डोक्याचा दुपट्टा काढतात, आणि धूर विरेपर्यंत त्या बाजूला जात नाहीत. कुणी ठरवलं नाही, कुठं लिहिलेलं नाही. आजाच्या दिवशी मी चितेजवळ उभा राहून पाहिलं होतं, लांब पाण्यावर सात-आठ डोंगे आणि त्यांच्यात उभी उघड्या डोक्यांची माणसं. मला ते पक्कं माहीत होतं. हे ध्यानात ठेवा.

दसऱ्याला आमच्या घरचे सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. त्या वर्षी मी बापाला फोनवर सांगितलं, "सुट्टी नाही बाबा." आणि त्यानंतरच्याच शनिवारी तीन मित्रांना घेऊन नागपूर स्टेशनवर उतरलो. स्टेशनवरच रूममेटच्या आईचा फोन आला. ती नाशिककडे शाळेत शिकवते, नवरा वारलेला, हा एकुलता एक. तिने फोन माझ्याकडे द्यायला लावला.

"तुझ्या गावाकडे चाललाय ना, मग मला काळजी नाही. सांभाळून आण रे त्याला."

"हो काकू," मी म्हणालो.

वसाहतीच्या बाजूने गेलो असतो तर दहा जणांनी ओळखलं असतं. म्हणून अड्याळला बाजार करून मुद्दाम दुसऱ्याच गावाच्या काठाला गेलो. तिथं एक मासेमार जाळं निवडत बसला होता. त्याला म्हटलं, काका, बेटावर सोडा, उद्या दुपारी बाराला न्यायला या.

त्याने आमच्या सॅककडे, तंबूच्या गुंडाळीकडे, स्पीकरकडे पाहिलं. "कायले जाता जी तिकडं? काही नाही तिथं."

"फोटो काढायला."

"कोन्या गावचे तुम्ही?"

"पुण्याचे," मी म्हणालो.

माझ्या पायाखालच्या मातीपासून माझं गाव दीड-दोन किलोमीटरवर होतं, आणि मी पुण्याचे म्हणालो.

डोंगा चालवताना तो दोनच गोष्टी बोलला. "रेंज नसते तिकडं, टावर बुडाईच्या आंधीच काढून नेला. आन् भुईवर नोका झोपू. पानी चढलं का सारं जित्राब, साप-इच्चू, वरतं येते."

"माहीत आहे काका," मी म्हणालो.

संध्याकाळ सुरेख गेली, हे कबूल करतो. ऑक्टोबरचं पाणी काठोकाठ भरलेलं, पाण्यात उभी वाळलेली झाडं, त्यांच्यावर बगळे. तंबूवाली म्हणाली, "हे तर अंदमानपेक्षा भारी आहे." आणि माझी छाती फुगली. रम होती, भाजलेली मासोळी होती, लंबूच्या स्पीकरवर गाणी होती. लंबू एका जोत्यावर चढून नाचला. ते जोतं कुणाच्या घराचं, तिथं कोण पाळण्यात होतं, मला सगळं ठाऊक. मी टाळ्या वाजवल्या. मसनवट पूर्वेला, आम्ही पश्चिमेला, मध्ये झाडी. एवढं अंतर पुष्कळ झालं, असं मी माझ्या मनाला सांगत होतो.

झोपायची वेळ झाली तेव्हा तंबूवाली म्हणाली, तंबूत चौघं बसू, जरा दाटीने. मीच म्हणालो, "तंबूत कोण झोपतं? आमच्याकडे लोक उघड्यावर झोपतात." रूममेटला म्हटलं, "चल, तुला आमचं आभाळ दाखवतो." तो कुरकुरला, मी त्याला 'शहरी पोट्टा' म्हणून चिडवलं, आणि मोहाच्या झाडाखाली आम्ही दोघांनी चटई टाकली.

सकाळी उजेड झाला तेव्हा तो पोट धरून बसला होता.

"काय झालं?"

"पोटात कळ येतेय. जोरात."

तंबूतून लंबूचा आवाज आला, "उतरली नाही अजून साहेबांची!" तंबूवाली हसली. मीही हसलो. लिंबू पिळून पाणी दिलं. त्याने घोट घेतला आणि तो घोट ओठाच्या कोपऱ्यातून परत बाहेर आला.

"गिळता येत नाहीये रे," तो म्हणाला. जीभ जड झाल्यासारखा बोलला. "आणि मला ना, तू दोन दिसतोयस."

लंबूला त्यावरही विनोद सुचला. मला सुचला नाही. मी त्याच्या पापण्यांकडे पाहिलं. तो डोळे उघडायचा प्रयत्न करत होता आणि पापण्या अर्ध्यावर येऊन थांबत होत्या, कुणी वरून दाबून धरल्यासारख्या.

मी आठ वर्षांचा असताना माझी मावशी अशीच उठली होती. धान कापणीच्या दिवसांत जमिनीवर झोपलेली. पोट दुखतं म्हणाली, ओवा दिला. झोप येते म्हणाली, झोपू दिलं. पापण्या पडल्या तेव्हा कुणीतरी म्हातारी ओरडली, "अवं, इले मण्यार लागली." तोवर उन्हं डोक्यावर आली होती. संध्याकाळी तिला नाल्याकाठी नेलं. मण्यार असाच साप आहे. चावतो ते समजत नाही, सुजत नाही, रक्त येत नाही. अंग एकेक करून बंद पडत जातं, शेवटी श्वास.

"रात्री काही टोचलं का तुला? आठव."

"कोपराला... मुंगी असेल."

कोपरावर दोन ठिपके होते. टाचणीने केल्यासारखे. इतके बारीक की पाहिले नसते तर नव्हतेच.

मी त्या दोघांना सांगितलं. तंबूवालीने एकही प्रश्न न विचारता त्याचं डोकं मांडीवर घेतलं. लंबू फोन घेऊन झाडीत धावत सुटला, या टोकाला, त्या टोकाला, हात उंच करून. एकाही फोनला रेंज नव्हती. सात वाजले होते. डोंगा बाराला येणार होता.

"किती वेळ असतो?" तंबूवालीने हळूच विचारलं.

"माहीत नाही." मला माहीत होतं.

आधी ओरडलो. लांब पाण्यावर दोन डोंगे दिसत होते, मुठीएवढे. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे होता. चादर हलवली. मग मी पाण्यात उडी मारली. गावच्या तलावात पोहून वाढलेला मी, मला वाटलं गाठीन काठ. शंभर-दीडशे हात गेलो असेन, पाय काटेरी तारेत अडकला. कुणाच्या तरी शेताचं कुंपण, पाण्याखाली तसंच उभं. ओढलं तशी ती पिंडरीत आणखी घुसली. तिथं पाण्यात उभ्या उभ्या गटांगळ्या खात मी ती सोडवली आणि परत आलो, कारण पुढं तशा तारा किती, ते मला गावाच्या नकाशावरून पाठ होतं.

परत आलो तर रूममेटचा आवाज गेला होता. हाताची बोटं हलवत होता, तेवढंच. मी जवळ गेलो तेव्हा त्याने माझा हात धरायचा प्रयत्न केला. मूठ वळली नाही.

लंबू म्हणाला, "धूर करू. मोठा धूर केला तर दिसेल त्यांना."

"हो," मी म्हणालो. "चल."

मी त्याला पूर्वेच्या टोकाला घेऊन गेलो. तिथं झाडी नव्हती, जागा उंच होती, पाण्यावरून सगळीकडून दिसली असती. वर पडलेली दोन अर्धवट जळकी लाकडं होती, चांगली कोरडी. लंबू ती ओढत म्हणाला, "इथं आधी कुणीतरी कॅम्प केलेला दिसतोय." मी पाला गोळा करत राहिलो. बोलायला वेळ नव्हता, आणि पाण्यावरची ती रीत त्या घाईत माझ्या डोक्यात आलीच नाही. खाली कोरडा पाला, वर ओलं गवत, हिरवे पळसाचे डहाळे. पांढरा जाड धूर निघाला आणि उंच चढला.

"थांबले! थांबले ते!" लंबू उड्या मारायला लागला. "बघितलं त्यांनी!"

खरंच थांबले होते. दोन्ही डोंग्यांतली माणसं उभी राहिली. लंबू हात हलवत होता. आणि मी पाहिलं, पुढच्या डोंग्यातल्या माणसाने हात डोक्याकडे नेला आणि दुपट्टा काढला. मागच्यानेही काढला. थोडा वेळ ते तसेच उभे राहिले. मग खाली बसून जाळी ओढायला लागले, भराभर, आणि डोंगे फिरवले. आमच्याकडे पाठ करून.

 मी तिथंच राखेत बसलो.

"काय झालं? चाललेत का ते? का चाललेत?" लंबू ओरडला. "अरे बोल ना!"

"येणार नाहीत ते."

"का?"

"त्यांना वाटतंय इथं मयत जळते आहे."

लंबूने जागेकडे पाहिलं, जळक्या लाकडांकडे, मग माझ्याकडे. "तुला कसं माहीत?"

तेव्हा मी सांगितलं. हे माझं गाव आहे. ही मसनवट आहे. धूर दिसला की ते मान ठेवून निघून जातात. माझा आजा इथंच जळला. मी हे सगळं एका दमात बोललो आणि प्रत्येक वाक्यासोबत डोंगे लहान होत गेले. लंबूने मला शिवी दिली नाही. "मग आता?" एवढंच म्हणाला, आणि त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला.

त्या आवाजाने मला उठवलं. मयतीत काय होत नाही, हे मी शोधायला लागलो. जी गोष्ट केली तर ते परत फिरतील. प्रेमाने नाही, तर रागाने.

"स्पीकर आण."

"काय?"

"स्पीकर आण पळत! लावायचा इथं. नाचायचं."

लंबू पळाला. स्पीकरची बॅटरी रात्रीच संपत आली होती, लाल दिवा लागलेला. मेमरी कार्डवर नाचायचीच गाणी होती. त्याने आवाज पूर्ण वर केला आणि ते ढणढणणारं गाणं पाण्यावर पसरलं. वारा अजून आमच्या विरुद्धच होता. मी देव मानणारा माणूस नाही, तरी त्या वेळी वाऱ्याला हात जोडले.

"नाच!" मी लंबूला म्हणालो.

आम्ही नाचलो. मी आणि तो, धुराच्या बाजूला, जिथं आजाचं डोकं ठेवलं होतं त्या जागेवर. हात वर करून, कंबर हलवून, लग्नाच्या वरातीत नाचतात तसं. माझ्या पिंडरीतून रक्त वाहत होतं. लंबू रडत होता आणि नाचत होता. झाडीच्या पलीकडून तंबूवालीचा आवाज आला, "अरे वेडे झालात का? त्याचा श्वास बारीक होतोय!" मी ओरडलो, "तोंडाने श्वास दे त्याले!" पुण्याची भाषा तोवर गळून गेली होती. आणि नाचणं थांबवलं नाही.

गाणं संपलं. मधल्या शांततेत मला माझा श्वास ऐकू आला. दुसरं गाणं सुरू झालं.

एक डोंगा थांबला. त्यातला माणूस उभा राहिला. कपाळावर हात धरून त्याने बघितलं. मी आणखी जोरात नाचलो, धुराच्या पुढं येऊन, उघडपणे, त्याला दिसेल असा. डोंगा फिरला. दुसराही फिरला. पहिला ज्या जोराने येत होता त्यावरूनच कळत होतं, तो मदतीला येत नाहीये.

बॅटरी मध्येच संपली. ते पोचेपर्यंत आम्ही गाण्याशिवाय नाचलो.

पहिला डोंगा काठाला लागला तसा एक म्हातारा हातातला बांबू घेऊन उतरला. "कोनाचे पोट्टे हा बे? लाज वाटत नाही? मयतीच्या जागी नाचून राहिले?" पहिला फटका माझ्या पाठीत बसला, दुसरा खांद्यावर. लंबू मध्ये आला, त्यालाही एक बसला.

मी बांबू दोन्ही हातांनी धरला. "मारा आबाजी. किती मारायचं तेवढं मारा. पन आंधी त्याले न्या. मण्यार लागली हाये त्याले."

म्हातारा थबकला, बोलीनेच बहुतेक. मला खालून वर पाहिलं. "कोनाचा तू?"

मी आजाचं नाव सांगितलं.

बांबू खाली आला. "त्याचा नातू? तो शिकलेला?"

"हाव."

तो तसाच झाडीकडे वळला. पण तो 'शिकलेला' माझ्या पाठीवर बसलेल्या दोन्ही फटक्यांपेक्षा खोल गेला, अजून आहे.

रूममेटचा चेहरा राखेसारखा झाला होता. चौघांनी उचलून त्याला डोंग्यात आडवं केलं. दुसऱ्या डोंग्यातला माणूस लंबूला घेऊन पुढं गेला, रेंज आली की फोन करायला. आमच्या डोंग्यात म्हातारा वल्हवत होता आणि मी आणि तंबूवाली आळीपाळीने रूममेटच्या तोंडात श्वास भरत होतो. छाती वर यायची, खाली जायची, आणि मग काही नाही. पुन्हा आम्हीच. मध्ये एकदा मी मान वर करून काठ किती राहिला ते पाहिलं, तर म्हातारा ओरडला, "इकडं तिकडं पाहू नोको बे! फुकत राह्य!"

मी फुकत राहिलो. रमचा वास त्याच्या तोंडाला अजून होता.

काठावर गाडी उभी होती. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, नळी घातली, आणि मग नागपूरला मशीनवर. डॉक्टर म्हणाला, अर्धा तास उशीर झाला असता तर आणायची गरज नव्हती.

त्याची आई दुसऱ्या दिवशी पोचली. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तुझ्या गावच्या लोकांनी वाचवला रे त्याला." मी तिला काही सांगू शकलो नाही. चटई कुणी टाकली, तंबूतून त्याला कुणी बाहेर काढलं, काही नाही. नऊ दिवस ती अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर बसली आणि मी तिला चहा आणून देत राहिलो.

बापही आला. घरून डबा घेऊन, एसटी बदलत बदलत. माझ्याजवळ बसला. मग म्हणाला, "दसऱ्याले सुट्टी नव्हती ना तुले?"

मी मान खाली घातली.

"जेव," तो म्हणाला, आणि डबा उघडून दिला.

दहाव्या दिवशी रूममेटच्या पापण्या हलल्या. तो जगला. आज नोकरी करतो, चालतो, हसतो. पण आमची खोली त्याच वर्षी सुटली. भांडण नाही झालं. त्याला पाहिलं की मला त्या पापण्या दिसतात, आणि मला पाहिलं की त्याला काय दिसतं ते मी विचारलं नाही. त्याच्या आईला मी पुढं पत्र लिहून सगळं खरं सांगितलं. उत्तर आलं नाही. यायलाच पाहिजे असंही नाही.

वसाहतीच्या समाजमंदिरात मला उभं केलं. केलं म्हणजे, मीच उभा राहिलो. बाप पहिल्या रांगेत बसला होता. मी सांगितलं, माफी मागितली. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "पुन्याचे म्हने तुम्ही?" आम्हाला सोडणाऱ्या त्या मासेमाराने ते काठाकाठाने पोचवलं होतं. नाचण्याबद्दल कुणी एवढं बोललं नाही जेवढं त्या एका शब्दाबद्दल बोलले. 

शेवटी तो म्हातारा उठला. "पोट्ट्याचं सोडा," तो म्हणाला. "मी सोता धूर पाह्यला आन् पाठ केली. तिथं जित्तं मानूस मरून राह्यलं होतं. उद्या आपल्यातलंच कोनी असलं तं?"  आणि त्या दिवशी ती न ठरवलेली रीत पहिल्यांदा ठरवून बदलली. आता धूर दिसला की सगळ्यांनी माघारी फिरायचं नाही. एका डोंग्याने जवळ यायचं आणि विचारायचं.

पुढल्या उन्हाळ्यात माझी मोठीआई वारली, बापाच्या थोरल्या भावाची बायको. तिनेही तेच सांगून ठेवलं होतं, तिकडंच नेजा. मी पुण्याहून आलो. डोंग्यात बसायला कुणी मला नाही म्हटलं नाही, पण कुणी जागाही सरकवली नाही. बापाने सरकवली.

चिता पेटली. आजाच्याच जागी. धूर सरळ वर गेला. आम्ही सगळे उभे होतो, बायका काठाच्या बाजूला बसल्या होत्या. पाण्यावर चार डोंगे थांबले. तीन डोंग्यांतली माणसं उभी राहिली आणि त्यांनी दुपट्टे काढले. चौथा डोंगा हळूहळू आमच्याकडे यायला लागला. वल्ह्याचा आवाज येत होता, इतकं शांत होतं. आजाच्या वेळी असा आवाज नव्हता.

काठापासून वीस-पंचवीस हातांवर तो थांबला. माझ्याच वयाचा असेल. त्याने संकोचून घसा साफ केला आणि हाक दिली, "मयतच हाये ना जी? का कोनाले काही झालं हाये?"

रडणाऱ्या बायकाही थांबल्या.  एकेक करत सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. जळणाऱ्या मोठीआईच्या समोर हा प्रश्न विचारायची पाळी त्या माणसावर का आली, ते तिथल्या लहान पोरालाही माहीत होतं.

बाप माझ्याकडे न बघता म्हणाला, "सांग. तुह्यासाठीच विचारून राह्यला तो."

मी पाण्यापर्यंत गेलो. पिंडरीवर तारेचा वण आहे, तिथपर्यंत पाण्यात उतरलो.

"मयत हाये भाऊ," मी म्हणालो. "आमची मोठीआई हाये. आम्ही इथलेच."

त्याने मान हलवली, डोक्याचा दुपट्टा काढला, आणि डोंगा फिरवला.